डोंगरातल्या फळियाची नोंद कशी करावी

वडोदऱ्याच्या प्रतापनगर स्थानकावरून छोटाउदेपूरला रेल्वेने जाता येते आणि तिथून पुढे कवांटपर्यंत वाहनेही मिळतात. खरी वाट त्यानंतर, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांत सुरू होते. २०२४ साली तिथल्या तुरखेडा गावातल्या एका गरोदर बाईला झोळीतून रस्त्याकडे नेत असताना ती दगावली, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या घटनेची दखल घेतली. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातून सामाजिक कामासाठी, अभ्यासासाठी किंवा नुसत्या ओढीने तिकडे जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना त्या वस्तीविषयी काही लिहावेसे वाटते. ते लिखाण वस्तीच्याही उपयोगी पडावे, यासाठी हे टिपण आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद गावाची करू नये, फळियाची करावी. सरकारी दप्तरात महसुली गावाचे एकच नाव असते, पण डोंगरात घरे एका जागी नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेताच्या उतारावर उभे असते, पाच-पंचवीस घरांचे एक फळिया होते आणि अशी अनेक फळिये मिळून ते गाव कागदावर येते. त्यामुळे ‘गावात शाळा आहे, हातपंप आहे’ हे वाक्य खरे असूनही वरच्या फळियाच्या दृष्टीने निरर्थक असू शकते. वहीच्या प्रत्येक पानावर आधी फळियाचे नाव लिहावे. तेही तिथले लोक उच्चारतात तसे, त्याला मराठी किंवा शुद्ध गुजराती वळण न देता.

जाण्यापूर्वी घरी थोडी तयारी करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा जवळ असावा; त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. मात्र या डोंगरांत सपाट अंतराला फारसा अर्थ नाही, म्हणून नकाशावरच्या समोच्च रेषा मोजून चढ किती आहे ते काढावे. इतिहासाबाबतही एक सावधगिरी हवी. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण छोटाउदेपूर हे ब्रिटिशांच्या देखरेखीखालच्या रेवा कांठा एजन्सीतले वेगळे, चौहानांचे संस्थान होते आणि तो कायदा तिथे लागू नव्हता. वडोदरा राज्याचा इतिहास त्या डोंगरांवर चिकटवू नये. छोटाउदेपूर हा स्वतंत्र जिल्हाही अलीकडे, २०१३ मध्ये, झाला. त्याआधीचे कागद वडोदरा जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात.

भाषेच्या बाबतीत आपण वडोदरेकर विशेष फसतो. आपल्याला गुजराती उत्तम येते, तिथल्या राठवा आदिवासींची राठवी बोली कानाला गुजरातीसारखी लागते, आणि म्हणून आपल्याला सगळे समजले असे वाटते. माझी पहिली वही याच कारणाने वाया गेली. पाणी किती लांब आहे, असे एका मासींना विचारले, त्यांनी ‘ढूकडुं’ म्हटले आणि मी ‘पाणी जवळ’ असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागून कोतरात, म्हणजे ओढ्याच्या घळीत, उतरलो तेव्हा जायला वीस मिनिटे लागली. वाळूत खणलेला हातभर खोल झिरा पाझरून भरेपर्यंत त्या शांतपणे बसून राहिल्या, मग वाटीवाटीने हंडा भरला, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन वर यायला पस्तीस मिनिटे गेली. त्यांच्या हिशेबाने ते जवळच होते. तेव्हापासून मी अंतर विचारत नाही. सोबत चालतो आणि घड्याळ पाहतो.

पाण्याला वहीत सर्वांत जास्त जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कठीण खडकात पाणी फक्त भेगांत साठते, त्यामुळे आश्विनात चालणारा हातपंप चैत्रात नुसती हवा ओढतो. कोणता स्रोत कोणत्या महिन्यात आटतो, त्यानंतर लोक कुठे जातात, गुरांना कुठे पाजतात, पाणी कोण आणते आणि तिच्या दिवसातला किती वेळ त्यात जातो, हे महिनावार लिहावे. एका भेटीत हे कळत नाही. पावसाळ्यात मका, ज्वारी, तूर उभी असताना एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचण्याच्या दिवसांत एकदा, अशा निदान तीन फेऱ्या कराव्यात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे सौराष्ट्रात भागाने शेती करायला किंवा शहरांत बांधकामावर जातात. तेव्हा गेलेल्या माणसाला फळियात म्हातारी माणसे आणि लहान मुलेच दिसतात, तर होळीच्या आधी भंगोरियाच्या हाटाला, म्हणजे जत्रेसारख्या बाजाराला, सगळे परतलेले असताना गेलेल्याला तेच फळिया भरलेले दिसते. दोघांचेही लिखाण एकटे घेतले तर अपुरे.

घराच्या ओसरीतल्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगवलेले असतील तर त्याला शोभेचे चित्र समजू नये. तो राठव्यांचा देव बाबा पिठोरा याला बोललेला नवस आहे. लखारे, म्हणजे हे चित्र काढणारे, तो भिंतीवर लिहितात आणि बडवा, म्हणजे पुजारी, विधी करतो. परवानगीशिवाय फोटो घेऊ नये. त्याऐवजी नवस कशासाठी बोलला होता, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आजारपण, गुरांची मर, सुकलेले पीक अशी उत्तरे येतात, आणि घरावर कोणते वर्ष कठीण गेले ते त्या भिंतीवरून कळते.

वर्षे ठरवण्याचे काम नेटाने करावे, कारण त्याला कायदेशीर मोल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. आणि नियमांत मान्य केलेल्या पुराव्यांमध्ये दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, घरे, बांध, विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने यांचा समावेश आहे. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. म्हणून एखादे काका ‘हा बांध माझ्या बापाने घातला’ असे म्हणाले की तेवढ्यावर थांबू नये. तेव्हा तुम्ही केवढे होता, लग्न झाले होते का, थोरला मुलगा चालत होता का, छोटाउदेपूरची गाडी अजून छोट्या रुळांवर धावत होती का, असे विचारत वर्षापर्यंत यावे. निवेदन त्यांच्याच शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपुढे होते, तेव्हा कागद तिथल्या वनहक्क समितीच्या हाती द्यावा. आपण स्वतः मध्यस्थ होऊ नये.

आजारपणाची वाट वेगळ्या पानावर काढावी. झोळी कुठून निघते, किती माणसे खांदा देतात, कोणत्या ओढ्याशी पावसाळ्यात थांबावे लागते, मोबाइलला रेंज कोणत्या टेकाडावर मिळते आणि रुग्णवाहिका नेमकी कुठपर्यंत येते, हे सगळे पायी चालून लिहावे. रस्त्याच्या मागणीच्या अर्जाला हे एक पान जोडता येते. त्यावर रुग्णाचे नाव नसावे.

शेवटी वहीची स्वच्छ प्रत गुजरातीत करून फळियात न्यावी आणि संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर, मोठ्याने वाचावी. लोक मध्येच तोडतात, एकमेकांशी वाद घालतात, ओढ्याचे नाव चुकले म्हणतात. त्या दुरुस्त्या तिथेच, त्याच प्रतीवर कराव्यात. मग ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फळियात ठरेल त्या घरी ठेवावी. आमच्या एका फळियाची प्रत बियाण्याच्या मक्याच्या कणसांशेजारी, चुलीच्या धुरात आढ्याला टांगलेली असते, कारण तिथे कसर लागत नाही.