बारावीनंतर महाविद्यालय निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की सांगली-मिरज रस्त्यावर महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात आणि आमच्या विश्रामबागेतील घरी तासगाव, विटा, जत अशा भागांतून नात्यातले पालक फायली घेऊन येऊ लागतात. गेली काही वर्षे त्या फायली चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. गुण कमी पडल्यामुळे मुलांचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान घरात कोणीही कागद नीट न वाचल्यामुळे होते. पुढील विवेचनात उदाहरणे मुख्यतः अभियांत्रिकीची आहेत, कारण सर्वाधिक गुंता तेथील केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतच, म्हणजे 'कॅप'मध्येच होतो.

पसंतीक्रम अंदाजाने भरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. 'वालचंद (सांगलीचे नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालय) मिळणारच नाही, मग वर कशाला टाकायचे?' असे म्हणून मिळण्याजोगे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले जाते. प्रत्यक्षात जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होते आणि प्रत्येक उमेदवाराची यादी वरून खाली तपासली जाते. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरील हक्क तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे यादी इच्छेच्या क्रमाने लिहावी, शक्यतेच्या क्रमाने नव्हे.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तर ती जागा स्वीकारणे बंधनकारक होते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होत होते. 'बघू तरी मिळते का' म्हणून नको असलेली शाखा वर टाकणाऱ्यांची तेथे पंचाईत झाली. हे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून थोरल्या भावाच्या वेळचा नियम प्रमाण न मानता प्रवेश परीक्षा आणि 'कॅप' घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. सायबर कॅफेत अर्ज भरून घेतला असला, तरी अंतिम यादीची छापील प्रत घरी आणून विद्यार्थ्याने स्वतः ओळ अन् ओळ तपासावी.

कट-ऑफचा चुकीचा रकाना पाहणे

सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, पर्सेंटाइल म्हणजे मिळालेल्या गुणांचे टक्के नव्हेत, तर आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणाऱ्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. तरीही मागील वर्षीच्या कट-ऑफमध्ये, म्हणजे शेवटचा प्रवेश कोणत्या गुणांना झाला त्या यादीत, भलताच रकाना पाहिला जातो. 'जीओपनएच' हा रकाना गृह विद्यापीठातील खुल्या प्रवर्गाचा असतो, 'जीओपनओ' इतर विद्यापीठांतून आलेल्यांचा, तर 'एल'ने सुरू होणारे रकाने मुलींसाठीच्या जागांचे असतात. परीक्षार्थींची संख्या दरवर्षी बदलत असल्याने पर्सेंटाइलबरोबर दिलेला गुणवत्ता क्रमांकही पाहावा, आणि शेवटच्या फेरीचा आकडा पहिल्या फेरीचा समजून बसू नये.

गृह विद्यापीठ विद्यार्थ्याच्या गावावरून ठरत नाही. राज्यातच दहावी-बारावी झालेल्यांच्या बाबतीत ते बारावी कोठून झाली त्यावरून ठरते. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. पण कडेगावचा मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला गेला असेल, तर जेथे गृह विद्यापीठाच्या जागा वेगळ्या असतात तेथे तो आपल्याच जिल्ह्यात परका ठरतो. लातूरला पाठवताना हा हिशेब कोणीच करत नाही.

पहिल्या वर्षाचेच शुल्क विचारणे

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. वसतिगृह, खाणावळ आणि बस यांचा खर्च मात्र वेगळा असतो. चार वर्षांचा आकडा एका कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. द्राक्षबागेच्या एका चांगल्या हंगामावर चार वर्षांचे गणित बसवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि तिसऱ्या वर्षी त्यांची झालेली ओढाताणही पाहिली आहे.

येथे व्यवस्थापन कोट्याचा, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांचा, प्रश्न येतो. आवडती शाखा हमखास मिळते म्हणून हा मार्ग सोयीचा वाटतो. परंतु राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या शासकीय सवलती 'कॅप'मधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते, तीही याच अटीवर. शुल्कमाफीच्या 'टीएफडब्ल्यूएस' जागांसाठी पसंतीक्रमात वेगळा संकेतांक भरावा लागतो, हे न कळल्यामुळे पात्र मुले त्या जागांना मुकतात.

जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालानंतर करणे ही तर जुनीच चूक आहे. अकरावीतच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा, कारण मुदतीत कागद आला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो.

विशेषणांवर विसंबणे

'स्वायत्त' याचा अर्थ महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. साताऱ्यात 2021 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाल्यामुळे तेथील छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय यांना सरसकट शिवाजी विद्यापीठाची महाविद्यालये समजणे चुकीचे आहे. दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांपैकी 'नॅक'ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, 'एनबीए'चे मानांकन एकेका अभ्यासक्रमाला; तेव्हा आपल्या शाखेला ते आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, हे पाहावे.

'सर्वाधिक पॅकेज'चा फलक हा एका विद्यार्थ्याविषयी असतो. आपल्या शाखेतील किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना नोकरी मिळाली आणि पगारांच्या उतरत्या यादीत मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे विचारावे. एकाच मुलाच्या तीन नियुक्तिपत्रांची तीन नोकऱ्या म्हणून गणना झालेली असू शकते. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे संगणकशास्त्राच्या तुकड्या वाढल्या. प्राध्यापक आणि प्रयोगशाळाही त्या प्रमाणात वाढल्या का, हे जाऊनच कळते. जाताना 'ओपन डे'चा समारंभ टाळून साध्या मंगळवारी दुपारी जावे आणि स्वागतकक्षाऐवजी कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे.

चूक होऊन गेली असेल तर

जागा मिळूनही मन खट्टू असेल आणि ती आपोआप गोठवली गेली नसेल, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे बंधनकारक ठरली नसेल, तर ती स्वीकारून 'बेटरमेंट'चा, म्हणजे पुढील फेरीत यादीतील वरची जागा मिळते का हे पाहण्याचा, पर्याय घ्यावा; चांगली जागा मिळाल्यास जुनी आपोआप सुटते, हे मात्र ध्यानात ठेवावे. फेऱ्यांचे दिवस आणि कृष्णेच्या पुराचे दिवस बहुधा एकच असतात. आयर्विन पुलाजवळचे पाणी चढते आहे म्हणून मुदत वाढेल, या भरवशावर न राहता पहिल्याच दिवशी महाविद्यालयात हजर व्हावे.

प्रवेश रद्दच करायचा असेल, तर प्रक्रियेच्या अंतिम दिनांकापूर्वी ऑनलाइन अर्ज करावा. तसे केल्यास 1,000 रुपये वजा जाऊन शुल्क परत मिळते, नंतर केवळ अनामत रक्कम हाती येते. माझ्या भाच्याने तोंडी कळवण्यावर भागवले आणि तो त्या शुल्काला मुकला. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मनाई केली आहे. ती पडताळणीनंतर मागून घ्यावीत आणि नकार मिळाल्यास लेखी कारण मागावे. 'दुसऱ्या वर्षी शाखा बदलून देऊ' असे आश्वासन मिळत असेल, तर गेल्या वर्षी त्या शाखेत किती जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या किती गुणांना भरल्या, याची यादी कार्यालयाकडे प्रवेशापूर्वीच मागावी.