सोसायटीत शेती शिकवायची तर कांद्यापासून सुरुवात करा

बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षी 'रावे'ला (गावात राहून करायच्या कार्यानुभवाला) कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहिलात की बीजप्रक्रिया करून दाखवणं, मातीचा नमुना घेणं हे सगळं अंगवळणी पडतं. शहरातल्या लोकांसमोर मात्र हे ठरलेले विषय उपयोगी पडत नाहीत. मी नाशिकमध्ये शाळा, सोसायट्या आणि महिला मंडळांत 'तुमच्या रोजच्या जगण्यातली शेती' या विषयावर कार्यक्रम घेते. या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

'बळीराजा', 'जगाचा पोशिंदा' हे शब्द घरीच ठेवून जा. लोक माना डोलावतात, टाळ्या वाजवतात आणि डोक्यात काही शिरत नाही. त्यापेक्षा ज्या गोष्टीवरून लोक आधीच कुरकुर करतात, तिला हात घाला. नाशिककरांच्या अशा दोन गोष्टी: कांद्याचा भाव आणि नळाचं पाणी.

कांद्यासाठी ओळखीच्या शेतकऱ्याकडून कांदाचाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला), निवड न केलेला माल आणा आणि पार्किंगमध्ये ताडपत्रीवर ओता. 'घरी न्याल ते बाजूला काढा' एवढंच सांगा. सगळेजण एकसारखा, मध्यम, घट्ट पत्तीचा (सालीचा) कांदा उचलतात. मागे उरते गोल्टी (अगदी बारीक कांदा), जोड कांदा, कोंब आलेला, पत्ती सुटलेला. मग विचारा, हा कोणी घ्यायचा? वावर तेच, मजुरी तीच, खतं-औषधं तीच. बाजार समितीत ट्रॉलीतला माल असाच वरवर बघून बोली लागते, आणि ताडपत्रीवर जे उरलं त्याने भाव खाली येतो. इथे शेतकऱ्याकडून आणलेली हिशोबपट्टी हातोहात फिरवा. वजन, भाव, हमाली, तोलाई एकाखाली एक वाचल्यावर वेगळं भाषण लागत नाही. पट्टीवरचं नाव तेवढं झाका.

मग वर्षाचं गणित मांडा. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोच चाळीत साठवून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत विकला जातो. तोवर तो सुकून घटतो, सडतो, कोंब धरतो. चाळी रिकाम्या होत आल्या आणि परतीच्या पावसाने नवा लाल कांदा लांबला, की भाव चढतो. एका सोसायटीतल्या काकू यावर पटकन म्हणाल्या, "म्हणजे गणपतीत आम्ही पाडव्याचा कांदा चिरतो?" तेव्हापासून मी हे वाक्य बिनदिक्कत वापरते. (चातुर्मास पाळणाऱ्यांची कोपरखळी येणारच, हसून पुढे जा.) एवढं झालं की निर्यातबंदीचा विषय आपोआप निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली होती. आपलं मत न देता एवढा क्रम सांगितला तरी पुरे.

पाण्याचा विषय जास्त तापतो. गंगापूर धरण शहराची तहान भागवतं, त्याचं पाणी शेतीला आणि कारखान्यांनाही लागतं, आणि तुटीच्या वर्षी २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार घेऊन वरच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावं लागतं. 'कपात करायची वेळ आली तर आधी कोणाची?' असं विचारून गप्प बसा. लोकांना भांडू द्या. गाडी धुणारे आणि द्राक्षबागेत नातेवाईक असलेले एकाच इमारतीत निघतात, हीच नाशिकची गंमत.

शाळेत एवढा पसारा मांडू नका. पस्तीस मिनिटांच्या तासाला एकच वस्तू न्या. मी नागलीचं (नाचणीचं) कणीस आणि नागलीचा पापड नेते. महापालिकेच्या शाळेत बहुधा पेठ किंवा सुरगाण्याकडून, म्हणजे जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतून आलेलं एखादं मूल असतंच. त्याला पुढे बोलवा. राब (रोपं तयार करायची जागा पालापाचोळा जाळून) कसा भाजतात, रोप कसं लावतात हे ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल, आणि एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या पोराकडे वर्ग वेगळ्या नजरेने बघेल.

शेतकऱ्याला वक्ता म्हणून बोलवायचं तर त्याचं कॅलेंडर बघा. द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात विचारूच नका. आभाळ भरून आलं की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने तो फोनसुद्धा उचलत नाही. कांदेवाल्याला काढणीत सतावू नका. आणि मानधन द्या. तज्ज्ञाला पाकीट आणि शेतकऱ्याला शाल-श्रीफळ हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

अवघड प्रश्न दोनच. पहिला, 'शेतकरी टॅक्स कुठे भरतो?' शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे सरळ मान्य करा. पण कीटकनाशकावर तो जीएसटी भरतो, आणि व्यापाऱ्यासारखी त्याची वजावट त्याला मिळत नाही, हेही सांगा. दुसरा प्रश्न फवारणीचा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्लॉट नोंदवलेला असतो, माल जाण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. हातगाडीवरच्या द्राक्षांची अशी प्लॉटनिहाय तपासणी होत नाही. पाहुणा शेतकरी शेजारी बसलेला असला तरी हे गुळमुळीत करू नका. हा प्रश्न येणार आहे हे मात्र त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बहुतेक जण येताना फवारणीची वही घेऊन येतात.