व्हिज्युअल स्टुडिओ न टाकता सी++ कंपायलर: या चुका टाळा

पायथनचं एखादं पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या प्रोग्रॅमने) टाकायला जावं आणि पडद्यावर लाल अक्षरांत यावं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. तेवढ्यासाठी अख्खा व्हिज्युअल स्टुडिओ उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचं 'बिल्ड टूल्स' पुरतं. त्यात एडिटर नसतो; कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि ते तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर असतो.

पण इन्स्टॉलर उघडून, कशावरच टिक न करता पुढे गेलात तर कंपायलर येतच नाही. 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++' निवडा. उजवीकडच्या यादीतला विंडोज एसडीके, म्हणजे विंडोजसाठी प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या फायलींचा संच, जागा वाचवायला काढू नका. विंडोज.एच ही हेडर फाइल तर सोडाच, साधी एसटीडीआयओ.एचसुद्धा त्याच्यासोबतच येते.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती पुढची चूक. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'सीएल' (कंपायलरची कमांड) टाइप करायचं, कमांड ओळखीची नाही असं उत्तर आलं की सगळं काढून पुन्हा टाकायचं. माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी हे दोनदा तरी केलेलं असतं, आणि डेटा पॅक संपलेला असतो. कंपायलर तिथेच असतो हो! काहीजण त्याचं फोल्डर हाताने पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घालतात. मग सीएल चालतो, पण हेडर सापडत नाही म्हणून सी१०८३ हा एरर देतो, कारण हेडर आणि लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारी 'इन्क्लूड' आणि 'लिब' ही व्हेरिएबल्सही लागतात. शिवाय त्या फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. अपडेट आलं की तुमचा पाथ फुकट. स्टार्ट मेन्यूतून 'एक्स६४ नेटिव्ह टूल्स कमांड प्रॉम्प्ट' उघडा. तो हे सगळं स्वतः लावतो.

शेजारचा 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट' सहसा ३२ बिटांसाठी बांधतो. तुमची लायब्ररी ६४ बिटांची असेल तर एलएनके१११२ हा लिंकरचा, बिट जुळत नसल्याचा एरर तिथूनच येतो.

ही व्हेरिएबल्स लावणारी व्हीसीव्हार्स६४.बॅट ही फाइल पॉवरशेलमधून चालवूनही उपयोग नाही. ती फाइल वेगळ्या सीएमडीत चालते, आणि तो बंद झाला की तिने लावलेली व्हेरिएबल्सही जातात. आधी 'सीएमडी' टाइप करा, मग त्यातच फाइल चालवा.

रस्ट या भाषेत लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघावं, कारण विंडोजवर रस्टलाही हाच लिंकर लागतो. गिटसोबत येणाऱ्या गिट बॅश या कमांडच्या खिडकीत 'लिंक' नावाचा भलताच प्रोग्रॅम असतो आणि तो लिंकरच्या जागी पुढे येतो. 'एक्स्ट्रा ऑपरंड' असा एरर दिसला की त्याच खिडकीत 'व्हेअर लिंक' चालवा. पहिली ओळ एमएसव्हीसीच्या (मायक्रोसॉफ्टच्या या कंपायलर संचाच्या) फोल्डरची नसेल, तर गिट बॅश बंद करून नेटिव्ह टूल्सच्या प्रॉम्प्टमधून बिल्ड करा.