फाटक्या कोपऱ्याच्या जादूनंतरच्या मागण्या : माझा अनुभव

पत्त्याचा कोपरा फाडून प्रेक्षकाच्या मुठीत द्यायचा, पत्ता नाहीसा करायचा आणि भलत्याच जागी काढून तो कोपरा तंतोतंत जुळवून दाखवायचा, हा प्रयोग मी कोल्हापुरात गणेशोत्सवात मंडळांसमोर करतो. खरी कसोटी टाळ्यांनंतर लागते. "भावा, परत दाखव की," "पत्ता आम्हाला दे," "सगळा कॅट बघू दे," अशा मागण्या एकदम येतात आणि शिवाजी पेठेतला प्रेक्षक नुसत्या हसण्यावर बोळवण करून घेत नाही.

त्यामुळे आता मी मागणीची वाटच पाहत नाही. फाडण्यापूर्वी पत्त्यावर प्रेक्षकाची सही घेतो (मार्करची शाई गुळगुळीत पत्त्यावर लगेच वाळत नाही, म्हणून क्षणभर फुंकर घालावी लागते) आणि शेवटी पत्ता व कोपरा दोन्ही त्याच्याच हातात देतो. पत्ता कागदीच हवा. प्लॅस्टिकचा फाटण्याऐवजी ताणला जातो. फाटलेल्या कडेचे तंतू जुळवायला सगळी डोकी एकत्र वाकलेली असतात, तेवढ्यात उरलेला कॅट डबीत जातो.

"परत दाखव" या आग्रहाला मात्र मी बधत नाही, कारण दुसऱ्या वेळी नजर कुठे ठेवायची हे प्रेक्षकाला ठाऊक असते. नकार देण्याऐवजी मी त्याच्याकडूनच रुपयाचे नाणे मागून घेतो आणि नाण्याचा प्रयोग सुरू करतो. तरीही कॅट पाहण्याचा हट्ट राहिलाच, तर तो खुशाल पाहू देतो. फक्त त्यात ५२ ऐवजी ५१ पाने निघतात, त्यामुळे मोजणीवर बेतलेला प्रयोग त्यानंतर ठेवत नाही.