गोव्याच्या घरात गंभीर अन्न-ॲलर्जी असलेले लहान मूल कसे सांभाळावे

अन्नाची गंभीर ॲलर्जी असल्याचे कळल्यावर बहुतेक आईवडील मुलावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा उपाय फार दिवस चालत नाही, कारण आपल्या वाड्यांवर अशा मुलाला प्रेमाने काहीतरी भरवणारे हात पुष्कळ असतात: आजी, काकू, शेजारीण, अंगणवाडीतील मदतनीस, देवळात प्रसाद देणारे भटजी. म्हणून पुढील बहुतेक सूचना मुलापेक्षा त्या हातांसाठी आणि स्वयंपाकघरासाठी आहेत.

१. निदान पक्के करून घ्यावे

अन्न खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, उलट्या झाल्या अथवा खोकला लागला, तर मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले आणि त्रास किती वेळाने सुरू झाला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि गांधींचा फोटो काढावा. डॉक्टरांना ही नोंद तपासणीच्या अहवालाइतकीच उपयोगी पडते. त्वचेवरील टोचणी चाचणी किंवा रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आल्याने त्या पदार्थाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झाली आहेत एवढेच कळते. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असे त्यावरून ठरत नाही. मूल आजवर बिनघोर खात आलेला पदार्थ केवळ अहवालातील आकड्यापायी बंद केला, तर कुपोषणाची भर तेवढी पडते. आयजीजी हे निराळेच प्रतिपिंड तपासून शंभर-दोनशे पदार्थांची यादी हाती देणाऱ्या पॅकेजवर तर एक रुपयाही घालवू नये. शंका उरलीच, तर पदार्थ थोडा थोडा वाढवत चारण्याची चाचणी इस्पितळातच करावी. घरी जिभेला लावून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

कोणत्या पदार्थाबरोबर काय टाळायचे, हेही याच वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातील असल्याने एकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला बहुधा दुसऱ्याचीही असते. सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी असल्यास कुर्ल्याही (खेकडेही) वर्ज्य समजाव्यात, मात्र इसवण किंवा बांगडा चालेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे, कारण मासळीतील त्रासदायक प्रथिन निराळे असते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असताना शेळीचे किंवा म्हशीचे दूध देण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. तो धोक्याचा आहे, कारण या दुधांतील प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. नारळाची ॲलर्जी मात्र क्वचितच आढळते, त्यामुळे काजू वर्ज्य झाला म्हणून नारळही बंद करण्याची गरज सहसा नसते, आणि गोव्याच्या घरात हा मोठाच दिलासा आहे.

२. ॲड्रिनॅलिन आणि एका पानाची योजना तयार ठेवावी

सर्वांत जास्त लक्ष या पायरीवर द्यावे. तीव्र प्रतिक्रियेत श्वासनलिका आकसते आणि रक्तदाब घसरतो. त्यावर पहिला उपाय ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच आहे. सेटिरिझिनसारख्या औषधाने खाज आणि गांधी कमी होतात, पण श्वास मोकळा होत नाही. तरीही ते पाजून वाट पाहत बसण्याची चूक फार घरांत होते. परदेशात मिळणारे तयार पेन आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत सहसा मिळत नाही. त्यामुळे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेली ॲम्प्यूल आणि १ मिलिलिटरची सिरिंज डॉक्टर लिहून देतात. मात्रा मुलाच्या वजनानुसार, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, धरली जाते. म्हणजे १२ किलोच्या मुलाला ०.१२ मिलिलिटर. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावा आणि सिरिंजवर ती खूण कुठे येते हे त्यांच्यासमोर दाखवून खात्री करून घ्यावी. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये: तिच्यावरील खुणा युनिटच्या असतात आणि तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. ॲम्प्यूल फोडणे, औषध ओढणे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध टोचणे याचा सराव आईवडिलांइतकाच आजी-आजोबांनीही दवाखान्यात करावा. घाबरलेल्या हातांना आयत्या वेळी हे जमत नाही.

योजनेचे पान मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावावे. त्यावर धोक्याच्या खुणा असाव्यात: आवाज घोगरा होणे, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येणे, सतत खोकला, वारंवार उलट्या, चेहरा पांढुरका पडणे. ज्याला बोलता येत नाही असे मूल अचानक गप्प होऊन खांद्यावर मान टाकते, आणि घरच्यांना वाटते की त्याला झोप आली. ही खूण तर ठळक लिहावी. या खुणा दिसताच आधी इंजेक्शन द्यावे, मग १०८ ला फोन करावा. मुलाला आडवे ठेवून पाय किंचित उंच करावेत. धाप लागली असेल तर मांडीवर बसते धरावे, पण उभे करू नये आणि चालवू नये. ५ मिनिटांत उतार पडला नाही, तर दुसरी मात्रा देता यावी म्हणून ॲम्प्यूल आणि सिरिंज नेहमी दोन-दोन असाव्यात. बरे वाटले तरी इस्पितळात जावेच, कारण काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते. घरापासून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) जवळ, की म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, हे आधीच ठरवून पानावर लिहावे.

औषध गोव्याच्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि फ्रीझरमध्येही टाकू नये. त्याचा रंग बदलला किंवा मुदत संपली, तर ते बदलून आणावे.

३. स्वयंपाकघराची घडी बदलावी

शेंगदाणा किंवा काजू वर्ज्य असेल, तर तो घरातूनच काढून टाकणे हे वेगळी भांडी ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. बागायतीचा काजू घरी भाजणाऱ्या कुटुंबांना हे जड जाईल. त्यांनी भाजणे आणि सोलणे निदान दुसऱ्या घरी न्यावे. मासळीबाबत मात्र असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. जिथे हुमणाशिवाय जेवण होत नाही, तिथे मुलाचे जेवण आधी शिजवून झाकून ठेवावे, त्याचा तवा, कढई, पळी आणि मिक्सरचे एक भांडे वेगळे असावे, आणि मासळी तळलेल्या तेलात त्याच्यासाठी काहीही तळू नये. सुंगटे शिजत असताना निघणाऱ्या वाफेनेही काही मुलांना त्रास होतो, तेव्हा त्या वेळी मूल स्वयंपाकघरात नसावे. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) दिवसांत जास्त जपावे: जून-जुलैच्या मासेमारी बंदीसाठी सुके सुंगट भरले जाते आणि त्याची किसमूर करताना बारीक भुकटी ओट्यावर, फडक्यावर, हातांवर राहते. हात साबण-पाण्यानेच धुवावेत. सॅनिटायझरने अन्नातील प्रथिने निघत नाहीत.

सोमवारी घर शिवराक (शाकाहारी) असल्यामुळे मासळीची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला थोडी उसंत मिळते, पण दूध किंवा काजू वर्ज्य असलेल्या मुलासाठी तोच दिवस अवघड ठरू शकतो, कारण मणगण्यात काजू पडतात आणि गोडाधोडात दूध-तूप येते.

४. वेष्टन आणि बाजार

भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासळी, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तीळ या यादीत नाहीत, तिसऱ्या (शिंपल्या) याही नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी घटकांची संपूर्ण यादी वाचावी, आणि नेहमीच्या बिस्किटाची ती दर खरेदीला वाचावी. सुट्या फरसाणाला आणि बेकरीच्या मिश्र ट्रेमधील पदार्थांना वेष्टनच नसते. ते घेऊ नयेत. हॉटेलात 'काजू आहे का?' असे न विचारता 'रस्सा कशाने दाट केला आहे?' असे विचारावे, म्हणजे वाटणाचे उत्तर मिळते.

५. प्रसाद, चवथ आणि नाताळ

प्रसादाला नकार देणे घरातील थोरांना जिवावर येते, म्हणून नकाराचे काम मुलावर टाकू नये. प्रसाद आईने हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि मुलाला सोबत आणलेला खडीसाखरेचा खडा द्यावा. दुधाची ॲलर्जी असेल तर पंचामृताचा थेंबही नको, हे भटजींना आधीच सांगितलेले बरे. सांगितल्यावर सहसा कोणी दुखावत नाही. चवथीला घरोघरच्या नेवऱ्यांत तीळ, खसखस किंवा काजू असू शकतात, जत्रेच्या खाज्यात तीळ असतात, आणि नाताळात शेजाऱ्यांकडून येणाऱ्या कुस्वाराच्या ताटात बेबिंका आणि बोलिन्यांतील अंडे इतर पदार्थांनाही लागलेले असते. ताट आनंदाने घ्यावे, मुलाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी पातोळ्यांसारखे काहीतरी घरचे करून ठेवावे. रिकाम्या हाताने बाजूला बसवलेले मूल शेवटी दुसऱ्याच्या ताटात हात घालतेच.

६. अंगणवाडी किंवा बालवाडी

योजनेचे पान, औषधाची पेटी आणि मुलाचा फोटो सेविकेकडे द्यावा. मुलाचा डबा घरूनच जाईल, डब्यांची अदलाबदल होणार नाही आणि वाढदिवसाचा खाऊ आदल्या दिवशी कळवला जाईल, या तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. इंजेक्शन कोण देणार, याचे उत्तर नावानिशी घ्यावे.

७. पोषण आणि फेरतपासणी

दूध बंद झाले की कॅल्शियमचा प्रश्न येतो. नाचण्यात ते भरपूर असते, त्यामुळे नारळाच्या रसातील तिझण (नाचण्याची खीर) अशा मुलाला चांगली. तरीही दर भेटीत वजन-उंची मोजून घ्यावी. अंड्याची ॲलर्जी असली, तरी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस चुकवू नये. ती या मुलांना सुरक्षितपणे देता येते. धाकटे भावंड जन्मले, तर भीतीपोटी त्याचे अंडे-शेंगदाणे लांबवू नयेत: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'लीप' अभ्यासात, ॲलर्जीचा जास्त धोका असलेल्या ज्या बाळांना लवकर शेंगदाणे दिले गेले, त्यांच्यात त्याची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. मात्र थोरल्याला शेंगदाणाच वर्ज्य असेल, तर तो घरात कसा आणायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी अनेक मुलांत वाढत्या वयात जाते. शेंगदाणे, काजू, मासळी आणि सुंगटांची बहुधा टिकते. वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे आणि त्याच वेळी वाढलेल्या वजनानुसार ॲड्रिनॅलिनची मात्रा बदलून घ्यावी. इस्पितळातील चाचणीत पदार्थ सोसला, तर डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात तो नियमित देत राहावा, आणि फ्रिजवरचे व अंगणवाडीतले पान त्याच आठवड्यात बदलावे.