‘अनस्ट्रेस्ड’ म्हणजे काय, आणि जोर कुठे द्यायचा नाही

माझ्या नाशिकच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्ष एक्सपोर्टवाली पोरं येतात. ग्रामर पक्कं, शब्दही भरपूर. तरी फोनवरचा गोरा सारखा ‘सॉरी?’ म्हणतो. कारण बहुतेकदा एकच. आपण प्रत्येक अक्षर सारख्याच जोरात म्हणतो. मराठीत ते खपतं, कारण ठासून सांगायचं तर आपल्याकडे ‘च’ आहे: ‘माल आजच निघेल.’ इंग्रजीत ते काम आवाजावर असतं. एका अक्षरावर जोर, बाकीची दाबून. ही दाबलेली अक्षरं म्हणजे ‘अनस्ट्रेस्ड’.

टेन्शन नसलेला, असाही अर्थ डिक्शनरीत सापडेल. पण तशा माणसाला लोक ‘रिलॅक्स्ड’ म्हणतात.

सुरुवात ‘एक्सपोर्ट’पासूनच करा. नाम असेल तर जोर ‘एक्स’वर. क्रियापद असेल तर जोर ‘पोर्ट’वर, आणि सुरुवातीचा ‘ए’ दबून ‘इक्स्पोर्ट’ होतो. ‘रेकॉर्ड’चंही तसंच, क्रियापद ‘रिकॉर्ड’. नवीन शब्द आला की डिक्शनरीतला उच्चार बघा. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढच्या अक्षरावर जोर. ज्यांच्या आधी कसलीच रेघ नाही ती अनस्ट्रेस्ड, आणि तिथे बऱ्याचदा उलटा लिहिलेला ‘e’ दिसेल. तो म्हणजे आपला ‘अ’, पण आणखी आखूड. ‘बनाना’त मधला ‘ना’ लांबवा, शेवटचा जवळजवळ ‘न’ करा. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर. आपण सगळे उलटंच म्हणतो.

खरी गंमत ‘कॅन’मध्ये आहे. ‘वुई कॅन लोड टुडे’ यात जोर ‘लोड’वर हवा, ‘कॅन’चं नुसतं ‘कन’ व्हायला हवं. आपली पोरं ‘कॅन’च ठासून म्हणतात. अमेरिकन माणूस ‘कान्ट’ न म्हणता ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ‘ट’ अर्धा गिळतो. त्यामुळे तुमचा ठसठशीत ‘कॅन’ त्याला ‘कॅन्ट’ वाटू शकतो. म्हणजे तुम्ही म्हणताय आज भरतो, त्याला ऐकू येतं आज जमणार नाही. ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’ हेही असेच दाबायचे शब्द.

सरावाला टेबलावर टिचकी मारा, फक्त जोराच्या अक्षरावर. ‘लोड’ला एक, ‘टुडे’तल्या ‘डे’ला एक. मधलं सगळं त्या दोन टिचक्यांमध्ये बसवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. अमेरिकन ॲक्सेंटच्या नादी मात्र लागू नका, त्याची काही गरज नाही.

एक अपवाद. ‘कॅन यू लोड टुडे?’ला उत्तर ‘येस, वुई कॅन’ असेल, तर वाक्याच्या शेवटचा हा ‘कॅन’ पुरा म्हणायचा. तिथे ‘कन’ चालत नाही.