सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं चार्जिंग: वायरिंग कसं करून घ्यावं

रात्री इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली की सकाळी ती भरलेली मिळते आणि पंपावरची रांग सुटते. ही सोय टिकते ती मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ओढलेल्या केबलमुळे, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

2 किलोवॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर खेचतो, तोही पंधरा-वीस मिनिटं. गाडीचा 3.3 किलोवॅटचा चार्जर 14-15 अँपिअर खेचतो, आणि बॅटरी बरीच उतरली असेल तर सलग आठ-दहा तास. म्हणून गीझरला वर्षानुवर्षं पुरलेलं 15 अँपिअरचं साधं सॉकेट इथे आधी पिवळं पडतं, मग वितळतं. त्याऐवजी 16 अँपिअरचं झाकणवालं निळं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा.

आधी चार्जर किती किलोवॅटचा हवा ते ठरवा. रोजचं धावणं 50 किलोमीटर असेल तर सात-आठ युनिट लागतात; 3.3 किलोवॅटवर अडीच तासांचं काम. बहुतेकांना एवढं पुरतं. रोज दीडशे किलोमीटर होत असतील तरच 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घ्या, आणि त्यासाठी मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या मीटरला दिलेली किलोवॅटची मर्यादा) वाढवावा लागेल हे धरून चाला.

केबल तांब्याची, आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली). 16 अँपिअरला, म्हणजे 3.3 किलोवॅटच्या चार्जरला, 4 स्क्वेअर एमएम जाडीची चालते, पण 6 चीच टाका. मजुरी तेवढीच लागते आणि पुढे मोठा चार्जर घेतला तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. 32 अँपिअरसाठी, म्हणजे 7.2 किलोवॅटच्या चार्जरसाठी, अंतर 40 मीटर असेल तर 6 एमएमवर सुमारे 9 व्होल्ट वाटेतच पडतात, तिथे 10 एमएम घ्या. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 16 अँपिअरला 20 चा, 32 अँपिअरला 40 चा. 32 अँपिअरला 32 चाच एमसीबी बसवला तर बंद, तापलेल्या डब्यात तो मध्यरात्री पडतो आणि सकाळी गाडी अर्धवट भरलेली सापडते. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. दुकानात सहसा हाती पडतो तो ‘एसी’ प्रकारचा. तुम्ही ‘ए’ प्रकार मागा; चार्जरमधून होणारी डीसी स्पंदांची गळतीही तो ओळखतो.

आता अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लागून गाडी चार्जच होत नाही, या तक्रारीत पहिला संशय अर्थिंगवरच घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा: दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, गरज पडली तर नवा करा. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडतात. दिवा हिरवा होतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. हे कधीही करू देऊ नका. पुढे न्यूट्रल तुटली तर 230 व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात, आणि दाराला हात लावणारं घरातलंच कुणीतरी असतं.

कमिटीकडे लेखी अर्ज द्या, सोबत केबलच्या मार्गाचा नकाशा आणि परवानाधारक ठेकेदाराचं नाव जोडा. तोंडी परवानगीवर भिंतीला ड्रिल लावू नका. जोडणी आपल्याच घरगुती मीटरवरून घ्यायची की वेगळा मीटर, हे बिल समोर ठेवून ठरवा. महिन्याला 1,000 किलोमीटर म्हणजे साधारण 160 युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात 300 युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे एसीवाल्या घरात ईव्हीसाठी वेगळा मीटर बहुधा परवडतो.

मुंबई-कोकणात बेसमेंटमध्ये पाणी शिरतं, म्हणून सॉकेट जमिनीपासून किमान चार फूट उंच, शक्य तर त्याहून वर. केबल डब्यात वरून उतरवू नका. खालून, एक वळसा देऊन आत घ्या, म्हणजे ओघळ वळशावरूनच गळून जातो. चार्जिंगची गन, म्हणजे गाडीत लावायचा प्लग, जमिनीवर टाकून ठेवू नका.

पहिल्या रात्री तासभर चार्जिंग झालं की मेन बंद करा, प्लग काढा आणि पिनेला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर टर्मिनल सैल आहे: तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून पुन्हा कसून घ्या. महिन्याभराने हे सगळे स्क्रू इलेक्ट्रिशियनकडून एकदा परत आवळून घ्या, कारण तापून-निवून तांब्याच्या तारा दबतात आणि कसलेला स्क्रूही ढिला होतो.